पुरुषाला तीन टोले

एब्रो नदीकाठ, तुदेलाच्या अलीकडे
१० ऑगस्ट १८१३, सान लोरेन्सोचा सण

ओरोसियाताई,

तुझं पत्र मिळालं. कसं मिळालं ते ऐक. फुएन्सेकाहून ते निघालं एका मीठवाल्याबरोबर, त्यानं दिलं चाळण्या विकणाऱ्या बाईला, तिनं दोन आठवडे त्यात चीज गुंडाळून ठेवलं, आणि परवा आमच्या खेचरांच्या तांड्यात कुणीतरी ओरडलं, "सिल्वेस्त्रे, तुझ्या नावाचं चीज आलंय रे!" चीज बाईनं परत घेतलं. अक्षर आपल्या पाद्रीबाबांचं, मोसेन पास्कुआल यांचं. मोसेन, तुम्हालाही नमस्कार. ताईला हे तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून आधीच सांगतो, वाईट ओळ आली की खोकायचं आणि पुढच्या ओळीवर जायचं ही तुमची सवय मला ठाऊक आहे. मावशी वारल्याचं पत्र तुम्ही असंच अर्धं खोकलात आणि आई महिनाभर तिला बरं वाटायची वाट बघत बसली.

गाव फ्रेंचांच्या ताब्यातून मोकळं झालं हे वाचून आम्ही इथं दारूची एक पखाल संपवली. मी आता बंदूक चालवत नाही. पाम्प्लोनाला फ्रेंच अजून कोंडून बसलेत आणि आपली माणसं बाहेरून वेढा घालून बसलीत, त्या वेढ्याला बिस्किटं पोचवायचं काम. बिस्किट म्हणजे दगड. पुढच्या खेचराचं नाव बिशप, कारण तो कुणासाठी थांबत नाही. फ्रेंचांचा सम्राट आपल्याला म्हणे कायदे आणि रस्ते द्यायला आला होता. कायद्यांचं माहीत नाही, रस्ते मात्र आम्ही रोज बघतो, खेचराच्या पोटापर्यंत चिखल असतो.

तर कागद. सोबतचा कागदही मिळाला, चीजच्या तेलकट डागासकट. तीनदा वाचला. "घंटेवाला बाल्तासार याने मयताची घंटा वाजवल्यामुळे गावातले पाच पुरुष मारले गेले, सबब त्याची हाडं पवित्र भूमीतून काढून कुंपणाबाहेर पुरण्यास आम्हा मुलांची हरकत नाही." खाली माझ्या सहीची जागा मोकळी, तुझ्या फुलीचीही मोकळी. आणि मोसेनच्या अक्षरात तुझा निरोप, "आधी तू, मग मी. मृतात्म्यांच्या दिवसाआधी."

म्हणजे दोन नोव्हेंबर. अजून खूप दिवस आहेत. शाई मिळाली की बघतो.

पाच घरांना सांग, मी ठीक आहे. पेत्रोनिलाकाकूंनी मला 'गावाची लाज राखणारा पोरगा' म्हटलं असं तू लिहिलंस. बाप असा आणि मुलगा डोंगरात जाऊन लढला, असं सगळे म्हणतात म्हणे. त्यांना सांग, मी बहुतेक वेळ खेचरंच हाकली.

एक गंमत सांगायची राहिली. तांड्यातली मागची खेचरं रस्त्याच्या एका बाजूनं चालतात. मोकळा रुंद रस्ता असला तरी डाव्या हाताला माणूसभर जागा सोडतात. आमचा म्होरक्या म्हणतो, मधमाशी चावली असेल कधीतरी. मी मोजलं. एका माणसाची जागा नसते ती. एकामागे एक पाच जण चालतील एवढी लांब असते.

तुझा भाऊ
सिल्वेस्त्रे

पाम्प्लोनाच्या वेढ्याबाहेर
८ सप्टेंबर १८१३

ताई,

कागद अजून माझ्याकडेच आहे. रागावू नकोस. एकदा भिजला, मग वाळवला.

मोसेन, तुमची चिठ्ठी पोचली. बिशपसाहेबांच्या कचेरीला (खेचराच्या नव्हे) हाडं हलवायला साक्ष लागते, आणि त्या दिवशी काय झालं ते मी चौकात असल्यामुळे माझ्या हातानं लिहून पाठवावं, असं तुम्ही म्हणता. ठीक आहे. लिहितो. पण मला सरळ लिहिता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे, तुमच्याच शाळेतून मी द्राक्षं चोरायला पळायचो.

साक्ष. सन १८११चा फेब्रुवारी, मठात फ्रेंचांची चौकी, तीस शिपाई. चर्चच्या दारावर गावातल्या पुरुषांची यादी चिकटवलेली, एकशे बारा नावं. कुणी मेलं तर आधी चौकीत सांगायचं, मग पुरायचं. डोंगरात लपून फ्रेंचांशी लढणारा कुणी घरात सापडला तर घरमालकाला गोळी. हे सगळ्यांना पाठ होतं.

माझे मेहुणे कोस्मे यांच्या गोठ्यात, पेंढ्याच्या मागं, नऊ दिवस असाच डोंगरातला एक पोरगा होता. नाव सातुर्निनो. पाम्प्लोनाकडचा. पोटात गोळी. त्याला आमची बोली हसू येईल अशी यायची, 'पाणी' म्हणायचं तर 'पाण्या' म्हणायचा, आणि कोस्मे पोट धरून हसायचे आणि मग आवाज बाहेर जाईल म्हणून तोंडावर हात दाबायचे. त्याला बघायला ताई जायची, मी जायचो, बस. शेवटच्या पहाटे त्यानं कोस्मेंना विचारलं, "मला घंटा द्याल ना? आई म्हणते, घंटेशिवाय गेलेल्याला देवाकडची वाट सापडत नाही."

कोस्मे म्हणाले, "देऊ रे. मोठी देऊ."

तो गेला. कोस्मेंनी डोळे मिटवले त्याचे आणि आम्हाला म्हणाले, "इथंच पुरायचा. आत्ता. आणि घंटाबिंटा काही नाही, कळलं? तो आता काही मोजायला येत नाही."

मग उजाडल्यावर घंटा वाजली. मोठी. तीन टोले, थांबा, तीन टोले, थांबा, तीन टोले. बाईला दोन, पुरुषाला तीन, लेकराला लहान घंटा, हे शेळीलासुद्धा कळतं आपल्याकडे. वरून मठाच्या चुलीचा धूर सरळ वर जाताना दिसत होता आणि पहारेकरी बूट काढून पाय शेकत बसला होता, त्यानं मान वर करूनही बघितलं नाही.

(मोसेन, ती ओळ खोडा. हे मला कुणीतरी सांगितलं होतं.)

फ्रेंचांना घंटेतलं काय कळणार? दिवसातून दहा वेळा वाजते. पण त्यांच्या चौकीत सार्जंट गालिन्दो होता, आपल्याच मुलखातला, सम्राटाचा पगार खाणारा. तो लहानपणी स्वतः घंटेचा दोर ओढायचा म्हणे. हे ज्याच्या लक्षात राहायला हवं होतं त्याच्या राहिलं नाही.

तासाभरात सगळे पुरुष चौकात. गालिन्दोनं यादी वाचली. एकशे बारा वेळा "हजर". आजारी होते त्यांना मुलांनी धरून आणलं होतं. बाबांना तीन दिवस ताप होता, तेही आले, घोंगडी पांघरून, मनोऱ्याच्या बाजूनं.

गालिन्दो कॅप्टनला म्हणाला, "साहेब, पुरुष मेलाय. आणि गावातला एकही पुरुष मेलेला नाही."

कॅप्टन हसला. त्याला हे कोडं आवडलं. "घंटा कुणी वाजवली?"

बाबा पुढं झाले. "मीच. दुसरं कोण वाजवणार? घंटेवाला मी आहे."

"कुणासाठी?"

बाबांनी घोंगडी सावरली.

"म्हाताऱ्या, कुणासाठी?"

"हात आहेत साहेब. चाळीस वर्षांची सवय. आपोआप चालतात."

दुपारपर्यंत त्यांनी गोठे खणले. कोस्मेंच्या गोठ्यात ओली माती सापडली. कोस्मे, आणि चिठ्ठ्या टाकून आणखी चार, चर्चच्या भिंतीशी उभे केले, गोळ्या घालायला. चौथ्या चिठ्ठीला पेत्रोनिलाकाकूंचा थोरला, पेलायो, निघाला तेव्हा काकू बाबांच्या अंगावर धावल्या, "तुझ्या हातांत किडे पडोत, बाल्तासार!" आणि बाबांनी हात पुढं केले, जणू काही द्यायला. मी बघत होतो. शिपायांनी बाबांनाही भिंतीकडे ढकललं, पण कॅप्टन म्हणाला, "याला सोडा. याचं काय करायचं ते गाव बघून घेईल."

पाचांना घंटा मिळाली नाही. त्यांनी दोर कापला होता. पुढं शरदात घंटाही नेली, तोफा ओतायला. म्हणजे एकाला मिळाली आणि पाचांची राहिली.

ही साक्ष. तीन आठवड्यांनी मी डोंगरात गेलो, पुढचं मला माहीत नाही. बाबांना कुणी विस्तव दिला नाही, कुणी पीठ दळून दिलं नाही आणि ताईनंही दार लावून घेतलं, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. ते दीड वर्ष तसे जगले आणि मग मेले, हेही.

सही या वेळी करत नाही. हातात काटा गेलाय.

सिल्वेस्त्रे

आर्तेगी गाव, पाम्प्लोनापासून अर्ध्या दिवसावर
४ ऑक्टोबर १८१३

ताई,

बिस्किटं पोचवून परत येताना बिशपचा नाल निघाला आणि लोहार शोधत शोधत आम्ही या गावात आलो. आर्तेगी. नाव ऐकून पाय थांबले. सातुर्निनोचं गाव. तो पेंढ्यात पडून याच्या गोष्टी सांगायचा, नदीत ईल मासे आहेत, चर्चपाशी अक्रोडाचं झाड आहे, आणि त्यांच्या घंटेचं नाव 'बहिरी' आहे कारण तिला चीर गेली आहे. सगळं तसंच आहे. फक्त बहिरीही नेली फ्रेंचांनी. आता इथून एब्रोपर्यंत एका गावात घंटा नाही. लोक कढईवर पळी आपटून एकमेकांना प्रार्थनेला बोलावतात. लोहाराची हातोडी तीनदा पडली की मी उठून उभा राहतो. काल म्होरक्यानं विचारलं, "तुला काय विंचू चावतात का रे?"

मी त्याच्या आईकडे गेलो. जायचं नव्हतं. लोहारानं घर दाखवलं आणि माझे पाय गेले.

ठेंगणी बाई आहे. मिरच्या माळेत ओवत होती. मी सांगितलं, फुएन्सेकाहून आलो, सातुर्निनोला ओळखत होतो. ती ओवतच राहिली. तिनं "कसा मेला" विचारलं नाही, "कुठं पुरला" विचारलं नाही. म्हणाली, "घंटा वाजली?"

"वाजली."

"किती?"

"तीन. तीनदा."

"मोठी?"

"मोठी."

मग तिनं सुई ठेवली. "मला वाटलंच. दोन वर्षं तो घरी येत नाही. आधी वाटायचं, अडकलाय कुठं. मग म्हटलं, नाही, वाट सापडली असेल पोराला." आणि हसली गं, ताई. दात पडलेत तिचे. "कुणी वाजवली? त्या घंटेवाल्याचं नाव सांग, मी रोज त्याच्यासाठी एक प्रार्थना म्हणीन."

मी तिला उत्तर दिलं.

तिनं माझे दोन्ही हात धरले आणि त्यांचे मुके घेतले. आधी एकाचा, मग दुसऱ्याचा. मिरच्यांचा हात होता, माझी बोटं संध्याकाळपर्यंत भाजत होती.

त्यानंतर तिनं मला कोबी आणि डुकराच्या कानाचं कालवण वाढलं आणि खाताना माझ्याकडे असं बघत बसली की मी नुसता कोबी ढवळत बसलो. "खा, खा," म्हणे, "तुझी आई नाही का?" मी म्हटलं, नाही. "बाप?" मी म्हटलं, कागद आलाय त्याचा. तिला काही कळलं नाही.

मोसेन, तुम्ही इथं खोकला नाहीत ना?

तुझा
सिल्वेस्त्रे

पाम्प्लोनाच्या वेढ्याबाहेर
२२ ऑक्टोबर १८१३

मोसेन पास्कुआल,

पाकिटात दोन कागद आहेत. हा पहिला फक्त माझ्या बहिणीसमोर, दार लावून, कबुलीजबाबाच्या नियमानं वाचायचा, आणि वाचून चुलीत टाकायचा. दुसरा पाचही घरांना बोलावून चर्चच्या पायरीवर वाचायचा. दुसऱ्या कागदात एक खोटी शपथ आहे. कुठली ते पहिला कागद वाचल्यावर तुम्हाला कळेल. तिचं प्रायश्चित्त मी आल्यावर द्या, कितीही मोठं. वाचताना अडखळू मात्र नका.

ताई,

घंटा मी वाजवली. हे तुला नवीन नाही.

मी डोंगरात निघालो त्या दिवशी बाबांनी मला सांगितलं होतं. पहिला टोला पडला तेव्हा तू त्यांच्या खाटेपाशी होतीस, रश्शाची वाटी त्यांच्या तोंडाला लावून. तुझा हात हलला आणि रस्सा त्यांच्या छातीवर सांडला. तुम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. गावात घंटेवाल्याच्या घरची माणसं तीनच होती आणि त्यातली दोन त्या खोलीत. "ती बोलणार नाही," बाबा म्हणाले, "मी तिला आईच्या नावाची शपथ घातली आहे." त्या सकाळी, टोले थांबल्यावर, ते तापात उठले, मनोऱ्याच्या बाहत्तर पायऱ्या चढले आणि उतरताना माझ्या चिखलाच्या पायांचे ठसे घोंगडीनं पुसत आले. मला म्हणाले, "किती घाण पाय रे तुझे! तू वर गेलाच नव्हतास. समजलं?" मी 'समजलं' म्हटलं. एवढंच. दुसरं काही म्हणायला हवं होतं, पण मला मूर्खाला समजलं होतं.

दुपारी त्यांनी कोस्मेंना भिंतीशी नेलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मी बुटांकडे बघत होतो.

आणि मग तू दार लावून घेतलंस बाबांसाठी. मी दोन वर्षं स्वतःला सांगत होतो की ताई निष्ठुर आहे. डोंगरात थंडीत पडल्या पडल्या तेवढीच ऊब होती मला, ताई निष्ठुर आहे. तू त्यांना भाकरी दिली असतीस तर पाच घरांनी विचारलं असतं, नवऱ्याला खाणाऱ्याला भाकरी का देतेस? मग कुणीतरी मोजलं असतं, की त्या सकाळी म्हातारा तापानं फणफणला होता, आणि पोरगा कुठं होता? तू माझ्यासाठी आपल्या बापाला उपाशी ठेवलंस. कोस्मेंना मी मारलं होतं, तरी.

तुझ्या 'आधी तू, मग मी'चा अर्थ मला त्या म्हातारीच्या स्वयंपाकघरात लागला. तू शपथ मोडू शकत नाहीस. पण बाबांची हाडंही बाहेर टाकू देऊ शकत नाहीस. म्हणून कागद माझ्याकडे पाठवलास. आणि मी तुला काट्याचं कारण दिलं.

मला भीती वाटते, ताई. पेत्रोनिलाकाकूंचा धाकटा आता दांडगा झाला असेल. परवा मी घराच्या वाटेला लागलो आणि पहिल्या ओढ्यावरून परतलो. काल पुन्हा निघालो, पुन्हा परतलो. म्हणून हे पत्र पुढं पाठवतोय, एका वेगानं जाणाऱ्या माणसाबरोबर. ते वाचलं गेलं की मला मागं फिरायला जागाच उरणार नाही.

हा कागद जाळा.

(दुसरा कागद. सगळ्यांसमोर.)

फुएन्सेकाच्या पाच घरांना,

मी सिल्वेस्त्रे. मोसेन माझ्या वतीनं वाचत आहेत, शब्द माझे आहेत. त्यांच्यावर चिडू नका.

सन अकराच्या फेब्रुवारीत मयताची घंटा माझ्या बापानं वाजवली नाही. मी वाजवली. ते अंथरुणात होते. गोठ्यात मेलेल्या पोरानं घंटा मागितली होती, कोस्मेंनी नको म्हटलं, मी ऐकलं नाही. त्याला वाट सापडावी म्हणून वाजवली, हे खरं आहे. पण दोर हातात आला, घंटा अंगातून गेली आणि मला फार बरं वाटलं, हेही खरं आहे. तीस बंदुकांच्या डोक्यावर उभं राहून आपल्या माणसाला तीन टोले देतोय, असं वाटलं. गालिन्दोचा मी विचारच केला नाही. नऊ टोल्यांत मी तुमचे पाच पुरुष मारले. मग चौकात उभा राहून 'हजर' म्हटलं आणि माझ्या बापाला पुढं जाऊ दिलं.

तुम्ही त्यांना विस्तव दिला नाही, त्यात तुमचा दोष नाही. तुम्हाला खोटं सांगितलं गेलं. त्यांनी सांगितलं, आणि मी सांगू दिलं. मला 'गावाची लाज राखणारा' म्हणू नका. मी लढायला गेलो नव्हतो, पळालो होतो.

तुमचा कागद परत पाठवतोय. त्यातलं बाल्तासार हे नाव खोडून मी माझं लिहिलं आहे. 'हाडं' खोडलेलं नाही. ती अजून माझ्या अंगातच आहेत, पण जेव्हा निघतील तेव्हा कुंपणाबाहेर पुरायला माझी हरकत नाही. खाली सही केली आहे. माझ्या बापाला आहे तिथं राहू द्या.

मी सर्व संतांच्या दिवशी, एक नोव्हेंबरला, दुपारी, उजेडात, चौकात येईन. ज्याला जे करायचं असेल त्यानं ते तेव्हा करावं. मी आडवा येणार नाही आणि माझ्या बाजूनं कुणी उभं राहू नये.

आणखी एक, नाहीतर उद्या कुणीतरी विचारेल. माझी बहीण ओरोसिया, कोस्मेंची बायको. तिला यातलं काही माहीत नव्हतं. त्या सकाळी ती आपल्याच घरात होती, बापाच्या घरी गेली नव्हती. आमच्या घरी त्या दिवशी कुणीच आलं नव्हतं. तिनं हे आत्ता, तुमच्याबरोबर, पहिल्यांदा ऐकलं. मेलेल्या पाचांची आणि माझ्या आईची शपथ घेऊन लिहितो.

सिल्वेस्त्रे, घंटेवाल्या बाल्तासारचा मुलगा